लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही

आबांच्या लेकीचं भाड्याचं घर सगळं विजेवर चालायचं. गॅसची नळी नाही, सिलिंडर नाही, घरभर शोधलं तरी काडेपेटी सापडायची नाही. शेगडी विजेची, अंघोळीचं पाणी विजेवर, आणि भिंतीला टेकून उभे असलेले तीन जाडजूड हीटर, तेही विजेचेच. हे हीटर म्हणजे एक प्रकरण होतं. प्रत्येकाच्या पोटात विटा भरलेल्या. त्या विटा रात्रभर वीज पिऊन तापायच्या आणि दिवसभर सावकाश ऊब सोडत बसायच्या. आजवर वीज घरमालकाच्या नावावर होती आणि भाड्यातच धरलेली होती, त्यामुळे त्या विटा किती पितात याची फिकीर कोणी केली नव्हती.

मग मालकाचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून भाडेकरूने आपल्या पसंतीची वीज कंपनी निवडावी, करार आपल्या नावावर करावा, हे स्वातंत्र्य आपल्याला देताना आनंद होतो, वगैरे. मालक लोकांना भाडेकरूच्या स्वातंत्र्याची आठवण नेमकी दर वाढायच्या वेळी होते. भाडं त्याने किंचित कमी केलं, म्हणायला.

लेक पत्र घेऊन आबांकडे आली. "आबा, हे खातं तुमचं. वाटेल ती कंपनी निवडा, करारही तुमच्याच नावावर करा, मला विचारूसुद्धा नका. तुम्ही जन्मभर मीटर वाचलेत."

"वाचले नाहीत गं, लिहिले," आबा म्हणाले. पण त्यांना आतून इतकं बरं वाटलं की विचारू नका. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण ते स्वतःलाच ऐकवायचे, आणि त्यांचा तर चारशेवा दिवस चालू होता. एवढ्या दिवसांत लेकीने त्यांच्यावर टाकलेलं हे पहिलं खरं काम. नाही म्हणायला पोरांचे बूट जोडीने लावून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं, पण त्याला काम म्हणायचं तर मग उठण्याबसण्यालाही म्हणावं लागेल.

पोरं म्हणजे पाळणाघरातली. घराच्या पुढच्या खोलीत लेकीचं पाळणाघर होतं. सात पोरं, एक ते तीन वर्षांची. सकाळी आठला पहिलं रडं आत यायचं आणि संध्याकाळी सहाला शेवटचं बाहेर पडायचं. जावई दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे राहायला गेला होता आणि तो विषय घरात निघत नसे, तेव्हा घर चालायचं ते या सात पोरांवर. रांगणाऱ्या पोराला जमिनीची थंडी आधी लागते. म्हणून दर दोन महिन्यांनी एक तपासनीस बाई यायच्या, चक्क फरशीवर बसून थर्मामीटर लावायच्या, आणि खोली गार सापडली तर परवाना रद्द. म्हणजे हीटर बंद ठेवायची सोय नाही. फी वाढवायचीही सोय नाही, कारण मोठ्या रस्त्यावर रंगीत भिंतींचं नवं पाळणाघर निघालं होतं आणि आईबाप तिकडे बघायला टपलेलेच होते. विजेचा करार चुकला तर पाळणाघर बसणार, हे लेकीला माहीत होतं, आबांना माहीत होतं, आणि तरी तिने डोळे झाकून ते काम त्यांच्यावर टाकलं होतं.

आता आबा "लिहिले" का म्हणाले, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

आबांनी एकोणतीस वर्षं वीज खात्यात मीटरची नोंद घ्यायचं काम केलं. हे काम जोडीने व्हायचं. जुन्या इमारतींतले मीटर एक तर जिन्याखाली, नाहीतर कपाटामागे, नाहीतर थेट छताला चिकटलेले. एकाने स्टुलावर चढून टॉर्च मारायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने खाली उभं राहून वहीत लिहायचा. वाचणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचा आवाज. "सात… चार… शून्य… शून्य… दोन," असं तो खणखणीत म्हणायचा आणि बायका दारात येऊन ऐकायच्या. लिहिणारे आपले आबा. कानावर कायम पेन्सिल, अंगाने तिच्यापेक्षा फार जाड नाहीत, म्हणून ते पेन्सिल. आणि या कामाचा एक नियम होता, जो त्यांच्या वरिष्ठाने पहिल्याच दिवशी दोघांना दम देऊन शिकवला होता: लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. दोघांनी बघितलं की दोन आकडे दिसतात, जिन्यात वाद होतो आणि दिवसाला चाळीस घरांऐवजी वीस होतात. एकाचे डोळे, दुसऱ्याचा हात.

आबांनी एकोणतीस वर्षांत एकदाही वर बघितलं नाही. कामाचा कंटाळा म्हणून नव्हे. वर बघणं म्हणजे रेडिओला खोटं पाडणं, असं त्यांना वाटायचं. आणि रेडिओ होताही तसाच माणूस. आबांची बायको दवाखान्यात होती तेव्हा तो अकरा दिवस बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून राहिला. अकराव्या दिवशी डॉक्टर जे सांगायला आले, ते त्यानेच आधी ऐकलं आणि आबांना त्यानेच सांगितलं.

असो. आबांनी काम हातात घेतलं आणि घराला कचेरीची कळा आली. चौकटीचा कागद आणला, रेघा आखल्या, प्रत्येक कंपनीला एक ओळ. दारावर प्रतिनिधी येऊ लागले. एकजण म्हणाला, आमची वीज हिरवी आहे. आबांनी विचारलं, "मग दिवा कुठल्या रंगाचा लागतो?" दुसरा म्हणाला, आम्ही करारासोबत पाण्याची बाटली भेट देतो. "वीज देता ना?" आबा म्हणाले, "तेवढी दिली तरी पुरे." एका मुलीने फोनवर इतक्या भरभर दर सांगितले की आबांनी तिला तीनदा पहिल्यापासून म्हणायला लावले आणि चौथ्या वेळी तिनेच फोन ठेवला.

त्यांचा प्रश्न एकच होता. रात्रीचा दर वेगळा आहे का? ज्या घरातल्या विटा रात्री तापतात, त्या घराला रात्रीची वीज स्वस्त मिळाली तर हिवाळा निघतो. नाही मिळाली तर त्या विटा नव्हेत, घरात पाळलेले तीन हत्ती. पंधरा दिवसांनी चौकटीच्या कागदावर एकच कंपनी उरली. जुनी, रटाळ, पत्रकावर एक चित्र नाही, पण रात्रीचा दर स्वच्छ छापलेला. आबा दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन सही करणार होते.

त्याच दुपारी रेडिओ आला.

पोरं झोपली होती. लेक मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. रेडिओच्या अंगात कोट होता आणि गळ्यात ओळखपत्र. आबांना हसूच आलं. "हे काय रे? कोणाच्या लग्नाला निघालास?"

"नोकरी धरली रे. निवृत्तीच्या पैशात दोन माणसांचं भागत नाही. नवी वीज कंपनी आहे. तुझ्याकडे नाही यायचं तर कोणाकडे?"

चहा झाला. जुन्या जिन्यांची, जुन्या कुत्र्यांची, एका घरी मीटरमागे सापडलेल्या मांजराच्या पिल्लांची आठवण झाली. मग आबांनी आपला कागद काढून दाखवला, जरा ऐटीतच. रेडिओने तो बघितला आणि म्हणाला, "काम चोख केलंयस. पण ही कंपनी रात्रीचा दर अकरापासून देते. आमची दहापासून. सकाळी सहापर्यंत. थांब, वाचूनच दाखवतो."

त्याने करार काढला, हात लांब करून धरला, घसा साफ केला. आबांनी चौकटीच्या कागदावर खाली एक नवी ओळ आखली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"रात्री दहा ते सकाळी सहा… दर निम्मा."

आबांनी लिहिलं.

"कराराची मुदत… एक वर्ष."

लिहिलं.

"मुदतीआधी सोडल्यास दंड… नाही."

लिहिलं. तोच आवाज, आकड्याआधी घेतलेला तोच थांबा. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी दोघं पुन्हा कुठल्याशा जिन्यात उभे आहेत असं आबांना वाटलं, आणि इतकं सुख झालं की डोळे ओले होतील म्हणून त्यांनी मान आणखीच खाली घातली. वाचून संपलं. रेडिओने करार समोर ठेवला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. आबांनी सही केली. वर बघितलं नाही.

रेडिओ गेल्यावर लेक बाहेर आली. "झालं का आबा? करार नीट वाचलात ना?"

"शब्दन् शब्द," आबा म्हणाले.

ते खोटं बोलतायत असं त्यांना त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी रेडिओने वाचलं म्हणजे वाचलं.

लेकीने त्याच संध्याकाळी दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलं: या वर्षी फीमध्ये कोणतीही वाढ नाही. एका आईने तिला मिठीच मारली. आबा बूट लावत होते. त्यांनी ते बघितलं आणि छाती जरा पुढे काढली.

थंडी पडली. हीटर चालू झाले, खोली उबदार, तपासनीस बाई फरशीवर बसून थर्मामीटर बघून समाधानाने उठल्या. आणि मग पहिलं बिल आलं.

लेकीने ते उघडलं आणि आबांच्या हातात दिलं. अंदाजाच्या दुपटीहून जास्त होतं. आबा म्हणाले, "कचेरीची चूक. होतं असं. नवं खातं जोडताना रात्रीचा दर लावायला विसरलेत. मी बघतो." त्यांनी कंपनीला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली. गोड बोलत होती बिचारी.

"सर, तुमच्या योजनेत रात्रीचा वेगळा दर नाहीये."

"आहे. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"करारात का सर? कुठल्या पानावर?"

आबा चौकटीचा कागद हातात धरून उभे होते. "पानावर म्हणजे… माझ्या कागदावर. तुमच्या माणसाने वाचलं, मी लिहिलं."

"सर, करार बघता का एकदा?"

करार मागाहून टपालाने आला होता; कपाटात होता, पाकिटात, जसा आला तसा. आबांनी तो टेबलावर उलगडला, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा रेडिओने वाचलेली एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. दिवसरात्र एकच दर. मुदत तीन वर्षं. मुदतीआधी सोडल्यास दंड, आणि तो असा की वाचून माणसाने खुर्ची धरावी. शेजारी त्यांचा चौकटीचा कागद होता. त्यांच्या नीटस अक्षरात सगळं लिहिलेलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि त्यातलं एकही खरं नाही.

"सर, आहात ना लाइनवर?" मुलगी विचारत होती.

दोन दिवस आबांनी रेडिओची वकिली केली. स्वतःशीच. लेकीला ते एवढंच म्हणाले की चौकशी चालू आहे. मनात म्हणाले, त्याचे डोळे गेले असतील. मोतीबिंदू. या वयात होतो. दुसऱ्याच योजनेचा कागद हातात आला असेल. कंपनीने त्यालाच फसवलं असेल. साधा माणूस तो, कोट घातला म्हणून हुशार थोडाच होतो? फोन केला तर रेडिओ उचलेना. त्यालाही त्यांनी कारण शोधून दिलं, कामात असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला शोधत निघाले. कंपनीचं टेबल बाजाराच्या मोठ्या इमारतीत, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी होतं. पाठमोरा रेडिओ त्यांना लांबूनच दिसला. समोरच्या खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीतून भाजी डोकावत होती. रेडिओने हात लांब करून कागद धरला होता. आबा जवळ गेले, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

"रात्री दहा ते सकाळी सहा… दर निम्मा," रेडिओ वाचत होता. "कराराची मुदत… एक वर्ष. मुदतीआधी सोडल्यास दंड… नाही."

तोच खणखणीत आवाज. त्याच जागी थांबे. ती बाई कौतुकाने मान डोलावत होती. दोन दिवस जमवलेला मोतीबिंदू, चुकलेला कागद, लबाड कंपनी, सगळं एका दमात गेलं. माणूस एकदा चुकतो. तेच तसंच, त्याच ठेक्यात दुसऱ्यांदा चुकत नाही.

"बाई," आबा पुढे होऊन म्हणाले, "तो कागद त्यांच्या हातातून घ्या आणि स्वतः वाचा. रात्रीचा दर कुठे लिहिलाय, तिथे बोट ठेवून दाखवा म्हणावं."

रेडिओ वळला. बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, पिशवीतून चष्मा काढला आणि कागद मागून घेतला. बराच वेळ वाचला. "कुठे आहे हो रात्रीचं?"

"ते… पुरवणी कागदावर असतं," रेडिओ म्हणाला. आवाज खाली आला होता.

"मग तो आणा आधी," बाई म्हणाल्या, पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

दोघं समोरासमोर राहिले. सरकत्या जिन्यावरून माणसं खाली येत होती, यांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होती.

"डोळ्यांचं काही झालंय का तुझ्या?" आबांनी विचारलं. इतकं ऐकल्यावरही त्यांना मनापासून वाटत होतं, त्याने हो म्हणावं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय."

"मग?"

रेडिओ खुर्चीत बसला. ओळखपत्राची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिला. "तीन आठवडे झाले होते नोकरीला. एक करार नाही. जो तो कागद हातात घेतो, वाचतो, परत देतो. साहेब म्हणाला, शुक्रवारपर्यंत एक तरी आण, नाहीतर ओळखपत्र ठेवून जा. मी ओळखीची सगळी माणसं डोळ्यांसमोर आणली, पेन्सिल. न बघता सही करणारा एकच माणूस मला ठाऊक होता."

"म्हणून माझ्याकडे आलास."

"म्हणून आलो. आणि शपथेवर सांगतो, तू एकदा जरी मान वर केली असतीस ना, तर मी तिथेच थांबलो असतो. दर ओळीला वाटत होतं, आता बघेल. तू बघितलंच नाहीस."

"म्हणजे चूक माझी?"

"तसं कुठे म्हणतोय मी?"

"तसंच म्हणतोयस."

हातात काठी असती तर त्यांनी ती उगारली असती, इतका संताप त्यांना कधी आला नव्हता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परक्याने फसवलं तर माणूस कानाला खडा लावतो आणि पुढे जातो. याने फसवायला त्यांना निवडलं होतं, सगळ्या गावातून शोधून, आणि निवडायचं कारण एवढंच की ते त्याच्यावर विश्वास ठेवत होते.

"दवाखान्याबाहेर अकरा दिवस माझ्याशेजारी बसलास," आबा म्हणाले. "ते तरी खरं होतं का?"

"ते खरं होतं रे," रेडिओ म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "ते काय विचारणं झालं?"

"मला आता ते कसं कळायचं?" आबांनी विचारलं. आबा वळले आणि घरी आले.

लेकीला त्यांनी दुपारी सांगितलं, पोरं निजल्यावर. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ऐकताना ती पोरांची दुपटी घडी करत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणालात, शब्दन् शब्द वाचला," ती शेवटी म्हणाली.

"ऐकला होता गं."

"ऐकला का, असं मी विचारलं नव्हतं, आबा."

एवढंच. मग ती उठली, ओला फडका घेतला आणि फळ्यावरची ओळ पुसली. नवी फी लिहिली. त्या आठवड्यात तीन पोरं कमी झाली. मिठी मारणारी आईसुद्धा गेली, जाताना म्हणाली, "ताई, तुम्ही शब्द दिला होता हो." लेक हसून "समजू शकते" म्हणाली आणि दार लावून घेतल्यावर तिथेच, बुटांच्या फळीशेजारी, जरा वेळ भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. आबांनी ते बघितलं. फळीवर आता चारच जोड होते. ते लावायला किती वेळ लागणार?

वीज ग्राहकांच्या तक्रारींचं एक कार्यालय होतं. करार खोटं सांगून गळ्यात मारला असं सिद्ध झालं तर तो दंडाशिवाय मोडता यायचा. लेकीने तिथला अर्ज आणला. त्यात प्रतिनिधीचं नाव लिहावं लागणार होतं. रेडिओचा फोन आता रोज येऊ लागला. आबांनी एकदाच उचलला. "पेन्सिल, नाव तेवढं घालू नकोस," तो म्हणाला, "या वयात मला दुसरं कोण ठेवणार?" आपलेच दात, आपलेच ओठ. चार दिवस अर्ज टेबलावर कोराच पडून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी ते लेकीला म्हणाले, "घाल नाव. चारांवरून तीन व्हायच्या आत घाल."

तिने दुपारी बसून स्वतःच्या नावाने अर्ज भरला; करारावर सही आबांची, म्हणून अर्जावर त्यांचीही सही लागणार होती. पोरांच्या रोजच्या डायरीत लिहायची, त्याच गोल अक्षरात. भरून झाल्यावर आबांना समोर बसवलं आणि वाचून दाखवू लागली. करार कोणत्या तारखेला झाला. प्रतिनिधीचं नाव. त्याने काय सांगितलं, करारात काय निघालं. चौकटीचा कागद पुरावा म्हणून जोडला आहे. बाजारातल्या त्या बाईंचा तिने भाजीवाल्यांकडे चौकशी करून पत्ता मिळवला होता, त्या साक्ष द्यायला तयार होत्या. हुशार होती लेक, काही सुटलेलं नव्हतं. "ग्राहकाने सहीपूर्वी करार स्वतः वाचला होता का? नाही," तिने वाचलं आणि पान उलटलं. "बस, एवढंच. इथे सही करा आबा."

आबांनी पेन घेतलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"काय?"

"दे जरा इकडे. मी वाचतो."

"वाचलं की मी सगळं आत्ता."

"दे."

लेकीने अर्ज लगेच दिला नाही. तिची बोटं कागदावर तशीच राहिली. आबांना वाटलं, हिला राग आला, पोटच्या पोरीवरही विश्वास नाही म्हणून. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण हात मागे येईना. तिने बोटं सोडली आणि खिडकीकडे बघू लागली.

आबांनी चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. तारीख. नाव. दर. मुदत. तिने वाचलं होतं तसंच सगळं होतं, काना-मात्रेसकट. त्यांना हायसं वाटू लागलं. मग तो प्रश्न आला. ग्राहकाने सहीपूर्वी करार स्वतः वाचला होता का? नसल्यास तपशील द्यावा. आणि खाली, दोन रेघांच्या मधे, गोल अक्षरात:

नाही. वाचला असं माझ्या वडिलांनी मला खोटं सांगितलं.

हे तिने वाचून दाखवलं नव्हतं.

आबा त्या ओळीवर थांबले. आतल्या खोलीत एक पोर झोपेत कुरकुरलं आणि पुन्हा गप्प झालं.

"मी खोडणार होते ते," लेक खिडकीकडेच बघत म्हणाली. "लिहिताना रागात लिहिलं. मग म्हटलं, तुम्हाला कशाला ऐकवायचं. तुम्ही आधीच इतके…" तिने हात पुढे केला. "द्या, खोडते."

"नको," आबा म्हणाले. "राहू दे."

त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. रेडिओचा त्यांना जेवढा राग आला होता, त्याहून जास्त राग त्या एका ओळीचा आला. आणि तो कोणावर काढावा हे त्यांना कळेना, कारण ओळ खरी होती.